अ समरी

पोलीस ठाण्यातल्या मिसिंग रजिस्टरात एक ठरलेलं वाक्य असतं. ‘राहत्या घरातून कोणास काही एक न सांगता कोठेतरी निघून गेला आहे.’ पुरुष असेल तर ‘गेला’, बाई असेल तर ‘गेली’. पस्तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी किती वेळा लिहिलं, त्याची मोजदाद नाही. दहावीला नापास झालेली पोरं, सासूशी भांडून माहेरची वाट धरलेल्या सुना, न सांगता दिंडीत मिसळलेले म्हातारे, सगळ्यांना तेच वाक्य पुरतं. २००५ सालच्या एप्रिलमध्ये एका सकाळी ठाणे अंमलदारांनी सांगितलं म्हणून मी तेच वाक्य लिहिलं. नाव, वय, पत्ता, ‘कोणास काही एक न सांगता कोठेतरी निघून गेली आहे’, पूर्णविराम.

मुलगी पाच महिन्यांची होती.

शेजारच्या टेबलावरच्या शिपायाला ते खटकलं नाही, साहेबांना खटकलं नाही, लिहिताना मलाही नाही. नुकतीच पालथी पडायला लागलेली पोर कुणाला सांगून जाणार होती, आणि न सांगता तरी कशी जाणार होती? पुढचे रकानेही तसेच. ‘भाषा अवगत’ या रकान्यात मी रेघ ओढली होती. जमादार म्हणाले, रेघ नको, काहीतरी लिही. मी ‘निरंक’ लिहिलं. शिक्षण, निरंक. अंगात पिवळे झबले. पायात काही नाही. ओळखीची खूण, कमरेखाली निळसर डाग. या डागाबद्दल पुढे सांगते.

मी १९८७ साली महिला शिपाई म्हणून भरती झाले आणि २०२२ मध्ये सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. मोठ्या गुन्ह्यांच्या तपासात मी कधी नव्हते. बाईची झडती, बाईचा जबाब, पळून गेलेल्या मुलीला आणायला परगावी जाणं, बंदोबस्त आणि मिसिंगचं टेबल, यात नोकरी गेली. निवृत्तीच्या समारंभात माझ्या हातून सापडलेल्या मुलांची यादी कुणीतरी वाचून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. न सापडलेल्यांची यादी वाचायची पद्धत नाही. माझ्या त्या यादीत ही पाच महिन्यांची मुलगी सगळ्यात वर आहे.

गाव उसाच्या पट्ट्यातलं, तालुक्याचं. कुटुंबाचं आणि ठाण्याचं नाव लिहीत नाही. त्या माणसांना अजून तिथेच राहायचं आहे. मुलीचा बाप मार्केट यार्डात हमाल, त्या रात्री कांद्याची गाडी भरायला गेलेला. पत्र्याची एक खोली. आठ आणि पाच वर्षांच्या दोघी जमिनीवर झोपलेल्या, वरच्या पाइपाला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीत धाकटी. गल्लीच्या तोंडावरच्या नळाला पहाटे पाऊण तास पाणी यायचं. आई दोन हंडे घेऊन निघाली. दार नुसतं लोटलं, बाहेरून कडी घातली नाही, कारण थोरलीला उठल्या उठल्या परसाकडे जावं लागायचं. नळावर तिच्या आधी सहाजणी होत्या. वीस-पंचवीस मिनिटांनी ती परतली, हंडे उतरवले आणि झोळीला झोका द्यायला हात लावला, तर झोळी हलकी लागली.

आधी तिला वाटलं जावेनं उचलून नेली असेल. जावेला वाटलं शेजारणीनं. असं करत अर्धी गल्ली पालथी घालण्यात पाऊण तास गेला. नवरा यार्डातून आला, आणि सव्वासातच्या सुमाराला दोघं ठाण्यात उभी राहिली. नवऱ्याच्या अंगाला कांद्याची टरफलं तशीच चिकटलेली होती.

जमादारांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की घरात मुलं किती. ती म्हणाली, तीन मुली. जमादारांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे. त्या नजरेत अर्धा तपास संपला होता. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली उरल्या होत्या आणि हे आकडे तेव्हा पेपरात रोज छापून येत होते. तिसरी मुलगी, हातावरचं पोट, पहाटेची वेळ, आणि आई म्हणते मी पाण्याला गेले होते. ‘बाईला बाईच बोलतं करते’ असं म्हणून साहेबांनी तिला माझ्याकडे सोपवलं.

घरातल्या माणसांकडे आधी पाहायचं, हे तपासाचं जुनं सूत्र आहे आणि ते चुकीचं नाही. मुलांच्या वाईटाला पुष्कळदा घरचंच कुणी कारण असतं, हे मी पुढे स्वतः पाहिलं. चूक अशी झाली की आम्ही फक्त तिकडेच पाहिलं. दहा माणसांचं ठाणं. त्यातली चार त्या घराच्या मागे विहिरीत, उकिरड्यात आणि कालव्याच्या काटेरी झुडपांत शोधत होती. म्हणजे मेलेलं मूल शोधत होती. एक जण नवऱ्याची ‘चौकशी’ करत होता. ती कशी होते ते सांगायला नको. मी आईसमोर बसले होते. जिवंत मूल शोधायला एकही माणूस मोकळा नव्हता.

मागच्या खोलीत जप्तीच्या सायकली ठेवलेल्या असत. तिथल्या बाकावर तिला बसवलं. बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, असं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६० सांगत होतं. ती स्वतःहून फिर्याद द्यायला आली होती, ही आमची पळवाट. मी तिला विचारलं, झोळीतून काढून कुठे ठेवलीस? तिनं सांगितलं, मी पाण्याला गेले होते. मी विचारलं, नवऱ्याला मुलगा पाहिजे होता ना? ती म्हणाली, सगळ्यांनाच पाहिजे असतो. हे उत्तर मी तिच्या विरोधात लिहून घेतलं. सासू काय म्हणायची? कुणी बुवा-बाबा केला होता का? मूल रात्रभर रडत होतं का, तुला राग आला का? प्रश्न फिरवून फिरवून विचारायचे, उत्तर बदलतं का ते पाहायचं, असं आम्हाला शिकवलेलं. तिचं उत्तर बदललं नाही. ती रडलीही नाही. बाकाच्या कडेला दोन्ही हात टेकून ती दाराकडे बघत होती. आई असून रडत नाही, हेही मी मनात तिच्या खात्यावर मांडलं.

साडेअकराच्या सुमाराला तिच्या पोलक्यावर दोन ओले डाग आले. तिनं पदर पुढे ओढला. थोड्या वेळात पदरही भिजला. मला दोन मुलं आहेत. अंगावर पिणाऱ्या बाळाची वेळ झाली की काय होतं, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. दूध दाटून आलं की छाती दगडासारखी होते, ताप भरतो. ती म्हणाली, ‘ताई, तिची वेळ झाली.’ एवढंच. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि पुढचा प्रश्न विचारला.

तीनच्या पुढे जिल्ह्याहून श्वानपथक आलं. तोवर त्यांच्या पत्र्याच्या खोलीत निम्मं गाव डोकावून गेलं होतं. कुत्रं झोळी हुंगून निघालं ते नळापर्यंत गेलं आणि तिथून परत दारात येऊन बसलं. आईचीच वाट ती. रोजची, हंड्याची. पण संध्याकाळी गावात एकच वाक्य फिरत होतं, ‘कुत्रं आईच्याच मागं गेलं.’

रात्री मुद्देमालाची पाकिटं सील करायला मला बसवलं. पंचनाम्यात झोळीखालच्या जमिनीवरून नऊ मणी उचललेले होते, काळे सात, पांढरे दोन, आणि तुटलेला दोरा. बाळाच्या हातातली मणगटी. मणी कागदात बांधता बांधता माझा हात थांबला. झोळीतून मूल कसं काढतात? एक हात मानेखाली, एक बुडाखाली, आणि बाहेर घ्यायच्या आधी त्याचा हात लुगड्याच्या काठात अडकला तर नाही ना, हे न बघता कळतं. आईच्या हातून ही गोष्ट दिवसातून दहा वेळा होते. ज्यानं हे मूल उचललं त्याला त्या झोळीची सवय नव्हती, किंवा फार घाई होती. हात अडकला, ओढलं, दोरा तुटला. न्यायालयात याला पुरावा म्हणत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी मी ते साहेबांना सांगितलं. साहेब थकलेले होते. म्हणाले, उद्या बघू.

उद्या म्हणता म्हणता एसटी स्टँडवर आमचा माणूस गेला तो चौथ्या दिवशी. पहाटे सव्वापाच ते सात या वेळात स्टँडवरून सुटलेल्या गाड्यांची यादी काढली, कंडक्टर गाठले. पुण्याच्या गाडीवरचा एक जण आठवून म्हणाला, एक बाई होती, पदराखाली मूल होतं, फार रडत होतं, मी म्हटलंसुद्धा की बाई, त्याला पाजा. तिनं पाजलं नाही. कुठे उतरली ते आठवत नाही. चेहरा आठवत नाही. हिरवी साडी असावी. वेबिल काढून पाहिलं. पाच वर्षांखालच्या मुलाला एसटीत तिकीट लागत नाही, म्हणजे त्या गाडीत मूल होतं की नव्हतं हे कुठल्याच कागदावर नव्हतं. ती बाई कदाचित कुणाची तरी साधी लेकुरवाळी असेल, मूल आजारी असेल. पण पहिल्या संध्याकाळी विचारलं असतं तर कंडक्टरला चेहरा आठवला असता, आणि ज्या थांब्यावर ती उतरली तिथला रिक्षावालाही सापडला असता. चार दिवसांत त्या बाईची फक्त हिरवी साडी उरली होती.

अंजनाबाई गावीत आणि तिच्या दोन मुलींचं प्रकरण माझ्या पिढीच्या पोलिसांना पाठ आहे. १९९० ते १९९६ या काळात त्यांनी लहान मुलं पळवली. गर्दीत पाकीट मारताना काखेत पोर असलं की लोक संशय घेत नाहीत, आणि पकडलं तरी दया दाखवून सोडतात, हा त्यांचा हिशेब. नकोशी झालेली मुलं त्यांनी मारून टाकली. कोल्हापूरच्या न्यायालयानं २००१ मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली. आई त्याआधीच तुरुंगात वारली होती. दयेच्या अर्जावरचा निर्णय वर्षानुवर्षं रखडवला म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये ती फाशी जन्मठेपेत बदलली. कडेवर मूल असलेल्या बाईकडे नीट बघा, असं त्या वेळी आम्हाला बजावून सांगितलेलं. नऊ वर्षांत आम्ही ते विसरलो, आणि कडेवर मूल नसलेल्या बाईला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं.

मिसिंगचं रूपांतर गुन्ह्यात झालं ते आठव्या दिवशी. भारतीय दंड विधान कलम ३६३, अज्ञात इसमाविरुद्ध, कायदेशीर रखवालीतून पळवून नेले. शोधपत्रिका काढल्या, सगळ्या जिल्ह्यांना बिनतारी संदेश गेले. फोटो एकच होता, बारशाच्या दिवशीचा, काजळ-तीट लावलेला, डोळे मिटलेले. असा फोटो भिंतीवर लावला की ज्याला त्याला आपल्याच घरातलं बाळ वाटतं. मूल विकत घेणाऱ्यांची टोळी, भिकेला लावणारे, मूल होत नाही म्हणून पोटाला कापड बांधून फिरणाऱ्या बायका, अघोरी प्रकार, सगळ्या बाजूंनी थोडं थोडं शोधलं. दोनदा बातमी लागली, दोनदा आई-बापांना गाडीत घालून परगावी नेलं. दोन्ही वेळा मूल भलत्याचंच. दुसऱ्या वेळी तर मुलगा निघाला. तिनं त्यालाही उचलून घेतलं, पाहिलं आणि परत दिलं.

दीड वर्षानं फाइल बंद झाली. आमच्याकडे तपास संपवायचे मार्ग ठरलेले आहेत. गुन्हा खरा, पण उघडकीस आला नाही, तर ‘अ’ समरी. फिर्यादच खोटी, तर ‘ब’ समरी. ना धड खरी ना खोटी, गैरसमजातून दिलेली, तर ‘क’. न्यायदंडाधिकाऱ्यांनी ‘अ’ मंजूर केली. आमच्या दृष्टीनं अ समरी म्हणजे कपाटातली जागा मोकळी होणं. अधिकारी ते अपयश म्हणूनही मनाला लावून घेत नाहीत. प्रत्येक ठाण्यात अशा फायली ढिगानं असतात.

समरीची नोटीस बजावायला मी गेले होते. तिला वाचता येत नव्हतं. मी समजावून सांगितलं की तपास थांबला, काही नवीन कळलं तर फाइल पुन्हा उघडता येते. तिनं विचारलं, ‘अ म्हंजे काय?’ मी म्हटलं, गुन्हा खरा आहे, पण आरोपी सापडला नाही. तिनं पुन्हा विचारलं, ‘खरा आहे, असं लिहिलंय?’ मी बोट ठेवून दाखवलं. तिनं तो कागद माझ्या हातून घेतला आणि आत पत्र्याच्या पेटीत नेऊन ठेवला.

पुढे कळलं की त्या दीड वर्षात तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. नळावर ती गेली की बायका गप्प व्हायच्या. थोरलीला शाळेत पोरी विचारायच्या, तुझ्या आईनं बाळाला कुठं पुरलं? गावानं केव्हाच तिच्या फिर्यादीची ब समरी करून टाकली होती. सरकारी शिक्क्यानिशी ती खोटी नाही असं म्हणणारा तो एकच कागद. तिनं तो जावेला वाचून घ्यायला लावला, सासूला, नंतर शाळेतल्या बाईंना. माझ्या खात्यानं जो कागद हात झटकायला काढला, त्याच्या आधारानं ती बाई गावात राहिली.

त्यानंतर माझी बदली झाली, पुन्हा त्याच तालुक्यात झाली, पुन्हा दुसरीकडे. वर्षातून एकदा, मुलीच्या वाढदिवसाच्या आसपास, ती जिथे असेन तिथे यायची. ‘काही कळलं का’ असं तिनं पहिली दोन वर्षं विचारलं. मग विचारणं सोडलं. मग एकच प्रश्न, ‘ताई, फाइल आहे ना? अ-च आहे ना?’

२०१२ च्या पावसाळ्यात आम्हाला रिफ्रेशर कोर्सला पाठवलं होतं. दुपारच्या जेवणानंतरचा तास, निम्मे लोक पेंगत होते. शिकवणाऱ्या साहेबांनी ऑस्ट्रेलियातलं अझारिया चेंबरलेनचं प्रकरण सांगितलं. ऑगस्ट १९८० मध्ये उलुरू या मोठ्या खडकाजवळ तंबूतून नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. आई सांगत राहिली की डिंगो, म्हणजे तिकडचं रानकुत्रं, घेऊन गेलं. ती टीव्हीसमोर पाहिजे तशी रडली नाही, शांत बोलली, म्हणून लोकांनी तिला दोषी ठरवलं. पाठोपाठ न्यायालयानंही, १९८२ मध्ये, जन्मठेप देऊन. गाडीत रक्त सापडल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं होतं. तो निष्कर्ष पुढे टिकला नाही. १९८६ मध्ये बाळाचं जाकीट डिंगोंच्या वावराच्या जागी सापडलं आणि तिला सोडावं लागलं. मृत्यूचं कारण डिंगो असं अधिकृतपणे लिहिलं गेलं ते जून २०१२ मध्ये, बत्तीस वर्षांनी. साहेब म्हणाले, पंधरा दिवसांपूर्वीची बातमी आहे. मी पेंगत नव्हते. ‘रडली नाही’ हे मीही सात वर्षांपूर्वी एका आईच्या खात्यावर मांडलेलं होतं.

पुढच्या वर्षी, १० मे २०१३ ला, बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा; मुलाला पळवलं आहे किंवा विकलं आहे असं आधी धरून चालायचं. नुसती मिसिंग घेऊन वाट बघत बसायची सोय संपली. डिसेंबर २००६ मध्ये नोएडाजवळच्या निठारीत नाल्यात मुलांचे अवशेष सापडले होते. त्या मुलांचे आई-बाप कित्येक महिने ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होते. तेवढं घडल्यावर नियम बदलायला आणखी सहा वर्षं लागली. आमच्या ठाण्यात त्या आदेशाची प्रत आली तेव्हा मी हिशेब केला. हाच नियम आठ वर्षं आधी असता तर ते आठ दिवस वाचले असते.

जुलै २०१५ मध्ये ‘ऑपरेशन मुस्कान’ निघालं. बालगृहं, स्टेशनं, ढाबे, वीटभट्ट्या पालथ्या घालून मुलांची माहिती जुन्या मिसिंगशी ताडून पाहायची. मी आनंदानं नाव दिलं. त्या महिन्यात आमच्या पथकाला मुलं सापडलीही. प्रत्येक बालगृहात मी दहा-अकरा वर्षांच्या मुलींकडे जरा जास्त वेळ बघायची. बारशाच्या फोटोतले मिटलेले डोळे आणि समोर रांगेत उभ्या असलेल्या, केस कापलेल्या मुली. काय जुळवणार? मग मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं की कमरेखाली निळसर डाग असलेली कुणी आहे का. त्यांनी माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. म्हणाल्या, मॅडम, असा डाग आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना जन्मतः असतो, आणि शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेकांचा विरून जातो.

दहा वर्षं त्या फाइलीत ओळखीची एकमेव खूण म्हणून जे लिहिलेलं होतं, ते मुलीच्या अंगावरून केव्हाच पुसलं गेलं असणार होतं. मीच लिहिलेलं. तेव्हा एखाद्या डॉक्टरला विचारावं असं सुचलं नाही.

राहिलं ते रक्त. आई-बापांचे नमुने २००५ मध्ये घेतलेच नव्हते. मी वरिष्ठांच्या मागे लागून ते घ्यायला लावले. नवरा म्हणाला, मारायला बोलावताय का परत? तिनंच त्याला हात धरून आणलं. पण नमुना जुळवायचा कशाशी? हरवलेल्या माणसांच्या नातेवाइकांचे डीएनए एका जागी ठेवायची तरतूद ज्या विधेयकात होती, ते २०१९ मध्ये संसदेत मांडलं गेलं आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. आधारचाही उपयोग नाही. पाच वर्षांखालच्या मुलाचे बोटांचे ठसे घेत नाहीत, आणि पाचव्या वर्षी ते घेतले जातात तेव्हा ज्यांनी मूल वाढवलं त्यांच्या नावाखाली. ती मुलगी जिवंत असेल तर तिच्याकडे आधारकार्ड असेल, शाळेचा दाखला असेल, बँकेत खातंही असेल, आणि त्या सगळ्यांवर दुसरंच नाव असेल. आपण हरवलेलो आहोत हे तिला स्वतःलाही ठाऊक नसेल.

ऑगस्ट २०२२ मध्ये, मी निवृत्त होऊन दोन-तीन महिने झाले होते, तिची आई माझ्या घरी आली. हातात पेपराची घडी. मुंबईत अंधेरीच्या डी. एन. नगर ठाण्याचे राजेंद्र भोसले नावाचे सहायक फौजदार. २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींपैकी १६५ मुली त्यांनी आणि त्यांच्या पथकानं शोधल्या. एक राहिली, जानेवारी २०१३ मध्ये शाळेच्या वाटेवरून गेलेली. भोसले २०१५ मध्ये निवृत्त झाले, तरी तिचा फोटो जवळ ठेवून विचारत राहिले. ती सापडली, नऊ वर्षांनी, सोळा वर्षांची होऊन, त्याच अंधेरीत, घरापासून फार लांब नाही. मूल नव्हतं म्हणून नेणाऱ्यांनी नेली होती. स्वतःचं मूल झाल्यावर तिला कामाला जुंपलं होतं.

पेपर घेऊन आलेल्या त्या आईला आता थोडंफार वाचता येत होतं. धाकट्या नातवाबरोबर शिकली होती. बोट ठेवून तिनं मला तो आकडा दाखवला. ‘नऊ वर्षांनी,’ ती म्हणाली. मग हिशेब केला, आपले सतरा झाले. मी तिला सांगितलं की ती मुलगी सात वर्षांची होती, तिला घर आठवत होतं, नाव आठवत होतं. आपलीला काही आठवणार नाही. ‘मला माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘मी सांगायला आले की असे पोलीस पण असतात.’

टोमणा नव्हता तो. तिला खरंच आनंद झाला होता. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

वाचकांना दोन गोष्टी सांगते. मूल दिसेना झालं तर चोवीस तास थांबा, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. कुणी तसं म्हणालं तर ११२ लावा, १०९८ लावा, आणि गुन्ह्याची प्रत हातात पडल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम १३७ आहे. आकडा बदलला, हक्क तोच. दुसरी गोष्ट गावासाठी. ज्या घरातलं मूल गेलं त्या घराच्या दारात गर्दी करण्यापेक्षा, त्या पहाटे गल्लीत, नाक्यावर, स्टँडवर कोण अनोळखी दिसलं ते आठवा आणि त्याच दिवशी सांगा. आणि तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी दिवस गेल्याचं कुणाला ठाऊक नसताना अचानक बाळ आलं असेल, तर ‘कुठून आणलं’ हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. रीतसर दत्तक घेतलेल्याकडे त्याचे कागद असतात.

अ समरीत गुन्ह्याची नोंद राहते, तपासातल्या चुकांची राहत नाही. त्या दिवशी मागच्या खोलीत मी काय केलं, ते स्टेशन डायरीत नाही. म्हणून ते इथे लिहिते, आमच्याच पद्धतीनं.

वेळ ०९.४० ते १५.५०. फिर्यादी महिलेस ठाण्याच्या मागील खोलीत बसवून ठेवले. तिच्याकडे मुलीच्या घातपाताबाबत विचारपूस केली. सदर महिला पाण्यास गेली असल्याचे सुरुवातीपासून सांगत होती. ११.३० चे सुमारास तिचे अंगावरील दूध वाहू लागले, ते मी पाहिले. विचारपूस चालू ठेवली. दरम्यानचे वेळेत एसटी स्टँडवर कोणासही पाठविले नाही. सबब नोंद.